वाजते

"घरात मी एकटीच असते," असं मी पाचव्या कारागिराला सांगितलं, तेव्हा आमचे हे घरी हॉलच्या मधोमध स्टुलावर बसून उखडलेल्या जमिनीकडे बघत होते. खोटं बोलण्याची मला हौस नाही. पण आधीच्या चौघांनी आमची इतकी कीर्ती करून ठेवली होती, की फरशीच्या दुकानासमोर सकाळी कामासाठी उभे असणारे कारागीर मला लांबून बघूनच पाठ फिरवायला लागले होते. एकाला पत्ता सांगितला, तर तो म्हणाला, "नाणंवाल्या साहेबांचं घर ना? ताई, माझी कंबर धरलीय." पाच मिनिटांनी हाच कंबर धरलेला माणूस सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून दुसऱ्याच कुणाच्या टेम्पोत चढला.

हे नाण्याचं काय ते आधी सांगते. आमचे हे छत्तीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटावर लटकवायचा, उजव्या हातातल्या नाण्यानं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. टण् असा आवाज निघाला आणि थोडा रेंगाळला, की कप 'वाजला'. म्हणजे पास. भद्द आवाज आला, तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण यांच्या कानाला कळायची. डझनात एक जरी भद्द निघाला, तरी अख्खा डझन परत. बाकीचे लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, यांनी जन्मभर कानांनी केलं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही होता. घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक बरणी, बाजारातला प्रत्येक नारळ त्यांनी ठोकून घेतला. मला ठोकून न बघता लग्नाला कसे तयार झाले, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी मुदतीच्या वर्षभर आधीच त्यांनी नोकरी सोडली. "आता पुरे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, घरात चार गोष्टी बोलता येतील.

फरशी बदलायची होती ती माझ्या आईसाठी. आमचं घर जुनं. प्रत्येक खोलीची जमीन वेगळ्या उंचीवर, दारादारात उंबरा, स्वयंपाकघर दोन इंच वर तर पॅसेज दोन इंच खाली. पाय धड असलेला माणूसही इथे ठेचकाळतो. आई पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहे. ती दादाकडे होती, पण दादाची बदली झाली आणि नव्या गावी त्याला मिळालेलं घर चौथ्या मजल्यावर, तेही लिफ्ट नसलेलं. आई माझ्याकडे येणार हे ठरून गेलं. ह्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, हे मी मान्य करते. उलट म्हणाले, "सगळं घर एका पातळीत करून घेऊ. आईंची खुर्ची बाहेरच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत एका दमात गेली पाहिजे."

मला वाटलं, काम पंधरा दिवसांचं. त्याला सात महिने झाले होते.

पहिला कारागीर आला तो मोठा बोलका. म्हणाला, "साहेब, निश्चिंत राहा. माझी एकसुद्धा फरशी वाजणार नाही."

"वाजणार नाही? मग बसवताच कशाला?" हे म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं साहेब विनोदी आहेत. घोळ असा, की फरशीवाल्यांच्या भाषेत जिच्याखाली माल नीट भरला नाही, जी खालून पोकळ राहिली, ती फरशी 'वाजते'. यांच्या भाषेत जी निर्दोष, ती 'वाजते'. एकच शब्द, अर्थ उलटे, आणि दोघांच्या मध्ये मी. मी दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनीही मान हलवली आणि दोघेही आपापल्या अर्थाला चिकटून राहिले.

पण तो शब्दाचा घोळ निस्तरला असता. खरी पंचाईत नाण्याची होती. फरशी वाळली की हे गुडघ्यांवर बसायचे, नाण्यानं ठोकायचे, कान खाली न्यायचे आणि म्हणायचे, "भद्द." खडूनं फुली. पुढची. "भद्द." फुली. कारागीर म्हणायचा, "अहो, चांगली टणक बसलीय." हे म्हणायचे, "आवाज मला शिकवू नका." मला तर सगळ्या चांगल्याच वाटायच्या, पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं कानाची भाकरी खाल्ली त्याच्यापुढे माझा कान काय सांगणार? पहिला चिडून गेला. दुसऱ्यानं आल्या आल्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आधी कुणी काम केलं? वाट लावून ठेवलीय." मग पहिल्याचं सगळं काढलं. तिसऱ्यानं दुसऱ्याबद्दल तेच म्हटलं, चौथ्यानं तिसऱ्याबद्दल. चौथा तर हत्यारं टाकून गेला. त्याची एक थापी अजून आमच्याकडे आहे.

या सात महिन्यांत मी कुठे राहत होते? मागच्या, झोपायच्या खोलीत. त्या एकाच खोलीची जुनी जमीन शाबूत होती. पलंग, कपाट, गॅस, धान्याचे डबे, टीव्ही, सगळं तिथे. पलंगावर बसल्या बसल्या भाजी चिरायची आणि वळलं की फोडणी टाकायची. चहात धूळ, भातात धूळ, उशीच्या अभ्र्यात धूळ. बाहेरच्या दारापर्यंत दोन फळ्या टाकल्या होत्या, त्यांच्यावरून तोल सावरत जायचं. आणि फरश्या ओल्या असल्या की तेही बंद. "चोवीस तास पाय ठेवायचा नाही," असं कारागीर सांगायचा, आणि मी खिडकीतून खालची माणसं भाजी घेताना बघत बसायचे. खालून शेजारीण हाक मारायची, "काय, येताय का चालायला?" मी म्हणायचे, "आज नाही, आज वाळतंय." घर आहे की सापळा, असं मला वाटायला लागलं होतं. सापळ्यात निदान खोबऱ्याचा तुकडा तरी असतो.

मी यांना सांगून बघितलं नाही असं नाही. शांतपणे सांगितलं, रडून सांगितलं, भांडी आपटून सांगितलं. हे टीव्ही मोठा करून बसायचे. मी दारातून काही विचारलं तर उत्तर नाही, दुसऱ्यांदा विचारलं तर, "काय ते नीट बोल, पुटपुटतेस काय?" कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपायची आणि हे गॅसशेजारी पेपर वाचत बसलेले. "हे माझं ऐकत नाहीत," असं मी शेजारणीला, दादाला, भाजीवाल्याला, सगळ्यांना सांगत होते. भाजीवाला म्हणाला, "ताई, कुणाचे ऐकतात?"

आणि रोज संध्याकाळी पाचला आईचा फोन. "फरशी झाली का गं?"

"होत आलीय."

"मागच्या महिन्यात पण होत आली होती."

दादाचं सामान शनिवारी सकाळी जाणार होतं. त्याच गाडीनं तो आईला वाटेत आमच्याकडे सोडणार होता. त्या दिवसाला तेरा दिवस उरले, तेव्हा मी दुकानासमोर जाऊन ते वाक्य बोलले. घरात मी एकटीच असते.

त्या कारागिराला सगळे बुडबुडा म्हणत. त्याच्या हातात कायम लेव्हल असायची आणि तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय तो दुसरी फरशी उचलत नसे. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधलेला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि दार यांनीच उघडलं. बुडबुड्यानं यांच्याकडे बघितलं, यांच्या हातातल्या नाण्याकडे बघितलं, मग यांच्या खांद्यावरून माझ्याकडे.

"तुम्ही एकट्या असता म्हणाला होता."

"असतेच की," मी म्हटलं. "चाळीस वर्षं झाली."

तो हसला नाही, पण गेलाही नाही. फळीवरून आत आला, सगळी जमीन फिरून बघितली आणि मी वाट बघत होते ते वाक्य काही म्हणाला नाही. आधीच्यानं वाट लावली असं न म्हणणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला कारागीर. तो फक्त म्हणाला, "चारदा काढलंय ना? जमीन थकलीय." मग यांच्यासमोर उभं राहून त्यानं एक अट घातली. "साहेब, स्वयंपाकघर, पॅसेज, हॉल, सगळं मी एका दमात करणार. पूर्ण होऊन वाळेपर्यंत नाणं खिशात. मग काय ठोकायचं ते ठोका."

मला वाटलं, आता हे त्याला दाराबाहेर काढतात. पण हे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "चालेल," म्हणाले.

आठ दिवस तो एकट्यानं राबला. दोरी बांधायची, माल कालवायचा, थापीनं पसरायचा, फरशी अलगद टेकवायची, रबरी हातोडीनं चार कोपरे बसवायचे, लेव्हल ठेवायची, बुडबुड्याची वाट बघायची. हे स्टूल घेऊन त्याच्या मागे मागे सरकत होते, पण नाणं खिशात. मी पलंगावर. उंबरे गेले. मंगळवारी संध्याकाळी शेवटची फरशी बसली. लहानमोठे तुकडे सोडून ब्याऐंशी फरश्या. खोलीच्या दारात उभं राहिलं की थेट बाहेरच्या दारापर्यंत एकसंध जमीन दिसायची. मी आईला फोन करून म्हटलं, "झाली."  ती म्हणाली, "मग मी माझी भरलेली बॅग परत उघडत नाही."

गुरुवारी सकाळी फरशी वाळली आणि नाणं बाहेर आलं.

स्वयंपाकघरातून सुरुवात केली. टक्. "भद्द." फुली. टक्. "भद्द." फुली. बुडबुडा भिंतीला टेकून बघत होता. मी दारात. अकरा वाजेपर्यंत ब्याऐंशीपैकी एकोणऐंशी फरश्यांवर फुल्या होत्या. उरलेल्या तिघींना यांनी प्रश्नचिन्ह दिलं होतं.

"सगळं काढावं लागेल," हे म्हणाले.

 शनिवार परवावर होता. मी काही बोलायच्या आत बुडबुड्यानं छन्नी उचलली. हॉलच्या कोपऱ्यातली एक फुलीवाली फरशी त्यानं फोडली. सहज निघेना. तुकडा तुकडा खरवडून काढावा लागला आणि खाली माल काठोकाठ भरलेला, मुंगी शिरायलाही जागा नाही. तो तुकडा त्यानं यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "ही एक चांगली निघाली असेल."

बुडबुड्यानं यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "साहेब, तोंड जरा भिंतीकडे करा."

का कोण जाणे, यांनी केलं. बुडबुड्यानं पायाखालची एक पक्की फरशी ठोकली. "भद्द," हे म्हणाले. मग त्यानं वाळूच्या ढिगावर नुसतीच ठेवलेली एक सुटी फरशी ठोकली. मलासुद्धा फरक कळला, रिकाम्या डब्यासारखी बोलली ती. "भद्द," हे म्हणाले. मग बुडबुड्यानं नवी कोरी फरशी दोन बोटांत कोपऱ्याला धरून हवेत लटकवली, थेट यांच्या कपासारखी, आणि तिच्यावर छन्नीची पाठ मारली. टण्ण असा स्वच्छ आवाज झाला आणि रिकाम्या हॉलमध्ये फिरत राहिला. मी तो विरेपर्यंत ऐकला.

"ही फुटकी आहे," भिंतीकडे तोंड करून हे म्हणाले.

बुडबुड्यानं फरशी खाली ठेवली आणि मला बाहेर यायची खूण केली. जिन्यात उभं राहून त्यानं स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावलं. "आमच्या धंद्यात कटर मशीन कान खातं. मला या बाजूनं कमी येतं, म्हणून कळलं. बारीक आवाज आधी जातो, ताई. टण् जातो आणि भद्द राहतो. माणसाला वाटतं, जगच भद्द झालंय." मग म्हणाला, "चौघांचंही काम चांगलं होतं. काढलेल्या फरश्यांचे तुकडे मी पहिल्या दिवशीच बघितले होते."

मी जिन्यातच खाली बसले. कुकर आठवला, टीव्ही आठवला, "पुटपुटतेस काय" आठवलं. हे माझं ऐकत नाहीत असं मी गावभर सांगत फिरले, आणि यांना ऐकूच येत नव्हतं. बरं, मागची दोन वर्षं कानांच्या खात्यावर घालू. त्याआधीच्या अडतीस वर्षांचं काय, हाही विचार माझ्या मनात आला, ते मी लपवत नाही.

"आता तुम्ही सांगा," बुडबुडा म्हणाला. "उखडू की राहू दे? उखडलं तर पुन्हा दहा दिवस."

मी आत गेले. हे स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. समोर सगळ्या फुल्या. मी चार पावलांवर उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

पाठ हलली नाही.

मग मला काय झालं ते सांगता येत नाही. बांध फुटतो म्हणतात तसं झालं. मी म्हटलं, "सात महिने मी पलंगावर जगले. तुमच्या कानांपायी चार माणसं नावं ठेवून गेली. माझ्या आईला तुम्ही बॅग भरून बसवलंत." पाठ तशीच. मी म्हटलं, "लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी निघाले होते. पिशवी भरून बसस्टॉपपर्यंत गेले होते. परत आले, कारण दूध उतू जाईल असं वाटलं. तुम्ही विचारलंत, कुठे गेली होतीस, आणि मी म्हटलं, साखर आणायला." हे मी कधीही कुणाला सांगितलेलं नाही. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की स्वतःचीच भीती वाटली.

"मोठ्यानं बोल," हे म्हणाले. वळले नाहीत. "तू मागे उभी आहेस ते सावलीवरून कळतंय. बोलतेयस तेही कळतंय. शब्द येत नाहीत. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"केव्हापासून?" मी मोठ्यानं विचारलं.

"नोकरी सोडायच्या आधीपासून. माल परत यायला लागला होता. मी पास केलेले कप, चिरा पडलेले. साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, आता आराम करा." ते नाण्याकडे बघत होते. "मग हे फरशीचं निघालं. म्हटलं, फरशी कपापेक्षा केवढी तरी मोठी. नीट बसली तर एवढी मोठी वस्तू तरी वाजेल. मला ऐकू येईल. पहिल्याची नाही वाजली. म्हटलं, त्याचं काम वाईट असेल. दुसऱ्याची बघू."

म्हणजे यांना माहीत होतं. चार वेळा घर खणलं ते फरशीसाठी नाही, कानासाठी. मला राग आला. कीवही आली, पण ती रागाच्या मागून, दमत दमत आली. या माणसाला आता गदागदा हलवावं की जवळ घ्यावं ते मला कळेना.

"तू काय म्हणत होतीस मघाशी?" त्यांनी विचारलं. माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणजे इतके दिवस ते असेच बघत होते, आणि मला वाटायचं की रोखून बघतात.

जे पाठीला सांगितलं ते मोठ्यानं तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. दारात बुडबुडा उभा होता. "म्हटलं, आई शनिवारी येतेय," मी सांगितलं.

"मग तू ऐक," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा कान चांगला आहे. आपल्या घरात कप फुटला की तुला आतल्या खोलीत कळतं. मी ठोकतो, तू सांग. तू सांगशील ते मी मानीन." त्यांचा आवाज बदलला, कारखान्यातला झाला. "पण खरं सांगायचं. दया दाखवायची नाही. एक जरी भद्द निघाली, तर सगळं काढायचं. छत्तीस वर्षं डझनाचा नियम पाळला, तो घरात मोडायचा नाही. आईंना दहा दिवस कुठेतरी ठेवू."

दहा दिवस कुठे ठेवणार? दादाचं घर शनिवारी दुपारी दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होतं. पण यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उजेड आला होता आणि मी हो म्हटलं.

ओल्या फडक्यानं मी फुल्या पुसत पुढे, हे गुडघ्यांवर माझ्यामागे, आणि बुडबुडा नवी फरशी घेऊन हॉलचा फोडलेला कोपरा भरत. हे ठोकायचे आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायचे. "वाजते?" आणि मी मोठ्यानं म्हणायचे, "वाजते." स्वच्छ आवाज येत होते, खोटं बोलायची गरजच नव्हती. "ही?" "वाजते." "ही?" "वाजते." स्वयंपाकघर झालं. हॉल झाला. प्रत्येक उत्तराला ते मान हलवायचे आणि फरशीवरून हात फिरवायचे. माझा घसा बसला, पण मी थांबले नाही. इतक्या वर्षांत मी सांगावं आणि यांनी लगेच मानावं, असं एका दुपारी इतक्या वेळा कधी घडलं नव्हतं. मला ते आवडत होतं, हेही सांगून टाकते.

पॅसेज उरला होता. मागच्या खोलीच्या दारापासून तिसरी फरशी. त्यांनी ठोकलं.

डब्ब.

अगदी वाळूवरच्या त्या सुट्या फरशीसारखा. उजव्या कोपऱ्याखाली माल भरायचा राहून गेला होता. हॉलमध्ये बुडबुड्याची थापी थांबली. त्यानं चांगल्या कानानं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं नजर खाली घातली. त्यानं काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं. पण त्याला माझ्या शनिवारचं माहीत होतं.

हे मान वर करून माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत शंका नव्हती. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर लग्नाच्या दिवशीही टाकला नसेल.

"वाजते?"

"वाजते," मी म्हटलं.

फरशीवाल्यांच्या भाषेत मी शंभर टक्के खरं बोलले होते. हॉलमध्ये थापी पुन्हा सुरू झाली. यांनी मान हलवली, त्या फरशीवरून हात फिरवला आणि पुढे सरकले. उरलेल्या सहा फरश्या खरोखर चांगल्या होत्या.

शनिवारी दहा वाजता दादानं आईची खुर्ची बाहेरच्या दारातून आत घेतली. त्याला घाई होती, खाली गाडी सुरूच होती. तो आईच्या पाया पडून गेला आणि खुर्ची मी हातात घेतली. हॉलमधून ती पाण्यावरून जावी तशी गेली. आई दोन्ही हात खुर्चीवर ठेवून इकडे तिकडे बघत होती. हे पुढे चालत होते, रस्ता दाखवत, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

पॅसेजमध्ये चाक त्या फरशीवर चढलं. डब्ब झालं. आईनं लगेच खाली बघितलं. तिचे पाय गेलेत, कान शाबूत आहेत.

"इथे पोकळ आहे गं," ती म्हणाली. "चाकाखाली फुटेल एखाद्या दिवशी."

हे वळले. तिचे ओठ हललेले त्यांनी बघितले होते, पण ती मान खाली घालून बोलली होती. "काय म्हणाल्या आई?"

"फरशी छान झालीय म्हणते," मी मोठ्यानं सांगितलं.

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. हे खूश झाले. वाकून, तिला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजात म्हणाले, "एकूण एक फरशी हिनं स्वतः तपासलीय, आई. मी आता हिच्याच कानावर चालतो."

मी खुर्ची पुढे ढकलली.